सुभेदार जालन्याहून येतात

सुभेदार त्रिंबक शेजूळ यांना निवृत्त व्हायला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती घरी परत येण्याची. कारण ते घरीच होते.

फौजेत असा एक दयाळू रिवाज आहे, की माणसाची नोकरी संपत आली की जमलं तर त्याला शेवटची एक-दोन वर्षं घराजवळ नेमणूक देतात. त्रिंबकरावांना ती मिळाली थेट आपल्याच शहरातल्या छावणीत. सकाळी वर्दी घालून ते गारखेड्यातून स्कूटरवर निघत, दिवसभर फौजेच्या वर्कशॉपात ट्रकांच्या पोटाखाली असत, आणि संध्याकाळी येताना पिशवीतून भाजी आणत. आता, तीस वर्षं देशसेवा केलेल्या माणसाच्या पिशवीतून रोज मेथीची जुडी डोकावू लागली की त्याच्याविषयीचा आदर टिकवणं कॉलनीला जड जातं. कॉलनीनं प्रयत्न केला, नाही असं नाही. पण पुढेपुढे लोक त्यांना सियाचेनविषयी विचारायचे सोडून मिक्सरविषयी विचारू लागले. त्रिंबकराव मिक्सर दुरुस्त करून देत, आणि वर चहाही घेत नसत. यामुळे आदर आणखी कमी झाला. फुकट काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे कारागीर म्हणतात, सुभेदार म्हणत नाहीत.

तरीही सगळं सुखानं पार पडलं असतं. पण मागच्या दिवाळीच्या आसपास त्यांचा चुलतभाऊ राम निवृत्त झाला. राम पायदळात हवालदार होता. फुलंब्रीकडच्या त्यांच्या गावात आता पद्धतच पडली आहे, की फौजी निवृत्त होऊन आला की त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची. रामची निघाली. बँड होता, बायका ओवाळायला होत्या, वेशीत जेसीबीच्या फावड्यातून फुलं उधळली. फावडं आधी धुतलं नव्हतं, त्यामुळं फुलांबरोबर थोडी गावची मातीही पडली, पण तो मातृभूमीचा आशीर्वाद आहे असं कुणीतरी म्हणालं आणि वेळ निभावली.

ही मिरवणूक पाहून तात्यासाहेब गारखेड्याला आले. तात्यासाहेब म्हणजे त्रिंबकरावांचे वडील. ऐंशी ओलांडलेले, डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी, आणि बैलांशी व मुलांशी एकाच आवाजात बोलणारे. सुनेनं दिलेला चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "राम खरा फौजी निघाला."

त्यात टोमणा नव्हता, हे त्रिंबकरावांनाही कळत होतं. तेच तर वाईट होतं. टोमण्याला उत्तर देता येतं. आतल्या खोलीत ते शेजारणीचा टेबलफॅन खोलून बसले होते, ते तसेच बसून राहिले. तीस वर्षांपूर्वी पहिल्या सुट्टीवर गावी गेले तेव्हा पारावर चारचौघांत तात्यांनी त्यांना विचारलं होतं, की सरकारनं बंदूक कोणती दिली? त्रिंबक तेव्हा खरं बोलायच्या वयात होता. त्यानं सांगितलं, की बंदूक आहे, पण आपलं काम गाड्यांचं आहे, ट्रक दुरुस्त करतो. पारावरचे लोक तात्यांकडे बघू लागले. मग तात्या म्हणाले होते, "मंग त्येच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायाचं? फुलंब्रीला गॅरेज नव्हतं व्हय?" त्यानंतर त्रिंबकरावांनी लडाखच्या थंडीत इंजिनांखाली शेगडी पेटवली, राजस्थानच्या वाळूत गिअरबॉक्स उतरवले, सुभेदार झाले, छातीवर पदकं आली, पण सुट्टीवर आले की तात्या लोकांना नुसतं "फौजेत हाय" एवढंच सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पाऊसपाण्यावर घसरत. हे त्रिंबकरावांना टोचे. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी टेबलफॅनपुढं बसल्या बसल्या त्यांनी मनात धरलं, की एकदा, फक्त एकदा, तात्यांना शेजारी बसवून उघड्या जीपमधून जायचं. कोरी करकरीत वर्दी, हात स्वच्छ, छातीवर पदकं. मग पुढं खुशाल जन्मभर मिक्सर.

वरवर मात्र ते म्हणत, की आपल्याला असलं काही नको. बायकोजवळ, दीपमालाबाईंजवळ, ते एकाच दिवसात तीनदा "नको" म्हणाले, तेव्हा त्या बिचारीला कळून चुकलं की माणसाला हवंय. त्या शेजारच्या आप्पासाहेबांकडे गेल्या.

आप्पासाहेब एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिथं त्यांच्याशिवाय फाईल हलत नसे. त्यांच्या खात्यातले लोक सांगत, की ते निवृत्त झाल्यावर फायली हलायला लागल्या. काही का असेना, फायलींचं हलणं त्यांच्यावरच अवलंबून होतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन होते आणि त्यांना बरेच दिवस एखादं राष्ट्रीय कार्य हवंच होतं. त्यांनी त्याच दिवशी समिती नेमली. समितीत ते एकटे होते.

पहिली माशी शिंकली परवानगीत. मिरवणुकीला आणि बँडला परवानगी लागते म्हणून आप्पासाहेब अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, मिरवणूक कुठून कुठे? आप्पासाहेब म्हणाले, छावणीतून गारखेड्याला. तो म्हणाला, फौजी कुठून येणार आहेत? आप्पासाहेब म्हणाले, छावणीतूनच, तिथंच नोकरीला आहेत. मग रोज कसे येतात? स्कूटरवर. त्या माणसानं पेन खाली ठेवलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, की साहेब, कुणी लांबून रेल्वेनं आलं आणि तुम्ही त्याला स्टेशनावरून वाजतगाजत नेलं, तर समजू शकतो. पण माणूस रोज ऑफिसातून घरी जातो त्याला काय लिहू मी?

दुसरा कुणी असता तर इथंच थांबला असता. आप्पासाहेब घरी येईपर्यंत तोडगा काढून मोकळे झाले होते. सुभेदारांनी रेल्वेनं यायचं.

"पण कुठून?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"जालन्याहून," आप्पासाहेब म्हणाले. "सकाळी बसनं जायचं, दुपारच्या पॅसेंजरनं यायचं, आपल्या जवळच्या मुकुंदवाडी स्टेशनाला उतरायचं. लोक माणूस कुठून आला ते बघत नाहीत, सुभेदार. कशातून उतरला ते बघतात."

दीपमालाबाईंनी जालन्याला कसलं युद्ध चालू आहे काय असं विचारून पाहिलं. त्यावर आप्पासाहेबांनी सांगितलं, की रूळ सगळे एकमेकांना जोडलेलेच असतात, तेव्हा जालन्याहून येणारा माणूस तसा पाहिला तर जम्मूहूनच आलेला असतो. या विधानात काहीतरी चुकतंय हे त्रिंबकरावांना जाणवलं, पण कुठं ते सापडेना. आणि खरं सांगायचं तर त्यांनी फार शोधलंही नाही.

मग सल्ले सुरू झाले. सुभेदारांच्या हाती नुसती पिशवी शोभणार नाही, काळी ट्रंक हवी, असं एकानं सुचवलं. ट्रंक घरात होतीच, पण रिकामी ट्रंक पोकळ वाजते, म्हणून तिच्यात दोन गोधड्या आणि जुने पडदे भरले. दुसऱ्यानं मिशा टोकाला वळवायला सांगितल्या. समोरच्या बंगल्यातल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, की उतरताना जरासं लंगडलं तर बघणाऱ्यांच्या डोळ्याला पाणी येईल. हे ऐकून त्रिंबकराव इतके दुखावले, की संध्याकाळी जेवले नाहीत. जीप हर्सूलच्या बन्सीची ठरली. बन्सी लग्नांच्या वरातींना उघडी जीप भाड्यानं द्यायचा. त्रिंबकराव म्हणाले, आदल्या दिवशी जाऊन जरा जीप बघून येतो. दीपमालाबाई दारात आडव्या झाल्या.

"त्या दिवशी कुठल्याच मशिनीला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी बी नाय. एक दिवस नुसतं सुभेदार व्हायचं. घ्या शपथ."

त्रिंबकरावांनी पेन्शनची शपथ घेतली. याहून पवित्र वस्तू त्या घरात नव्हती.

मे महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. छावणीत सकाळी निरोप झाला, जवानांनी हार घातले, साहेबांनी हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही, आणि त्रिंबकरावांना भरून आलं. रात्री बारापर्यंत ते कागदोपत्री फौजेतच होते, तेव्हा वर्दीचा प्रश्न नव्हता. त्याच वर्दीत, ट्रंक घेऊन, ते जालन्याच्या बसमध्ये चढले. एका शेतकऱ्यानं उठून जागा दिली आणि सुट्टीवर आलात का म्हणून विचारलं. त्रिंबकराव म्हणाले, नाही, आज रिटायर झालो. कुठून आलात? छावणीतून. आता कुठं निघालात? जालन्याला. घर जालन्याला का? नाही, गारखेड्याला. तो माणूस थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, मग खिडकीबाहेर बघू लागला, आणि बदनापूर येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

जालन्याला पॅसेंजरला वेळ होता. ऊन मी म्हणत होतं. स्टेशनाबाहेर एक रसवंती होती, तिथं त्रिंबकराव रस प्यायला बसले, आणि इथं त्यांचं नशीब फिरलं.

रस काढायच्या चरकाला मोटार लावलेली होती आणि तो चरक आजारी होता. हे त्यांना पाठमोरं बसूनही कळलं. प्रत्येक फेऱ्याला तो आधी कुरकुरे आणि मग टक्क असा आवाज करी. त्रिंबकरावांनी शपथ आठवली आणि डोळे मिटले. पण डोळे मिटल्यावर कान जास्तच उघडतात. डावीकडचं बेअरिंग गेलंय, पट्टा तिरका चालतोय, इतकं त्यांना ऐकूनच समजलं. तरी ते बसून राहिले. मग रसवंतीवाल्यानं हातोडा घेतला आणि चरकाच्या बगलेत एक हाणला.

माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते. त्रिंबकराव उठले. त्यांनी चरकाला हात लावला नाही; फक्त बोट दाखवलं, की बाबा, ठोकू नको, इथं तेल सोड. रसवंतीवाल्यानं भलतीकडे तेल सोडलं. मग त्यांना बोट थोडं जवळ न्यावं लागलं. बोटामागून हात गेला, हातामागून दुसरा हात गेला, आणि पट्टा सरळ होऊन चरक लोण्यासारखा फिरायला लागला, तेव्हा त्या समाधानात त्यांना दूरवर एक शिट्टी ऐकू आली. ती त्यांची पॅसेंजर होती. जात होती.

उजव्या बाहीवर अंगठ्याएवढा काळा डाग पडला होता. त्रिंबकरावांना दरदरून घाम फुटला. रसवंतीवाल्याला मात्र त्यांचे फार उपकार वाटत होते, म्हणून त्यानं रसाचे पैसे घेतले नाहीत आणि सल्ला दिला. मागून एक्स्प्रेस येतेय, तिच्यात बसा. ती मुकुंदवाडीला थांबत नाही खरी, पण मोठं स्टेशन जवळ आल्यानं इतकी हळू होते, की आमचा मेहुणा दर वेळी उतरतो.

तो मेहुणा कोण होता आणि आता कुठल्या अवस्थेत आहे, हे विचारायला हवं होतं. त्रिंबकराव गर्दीतून एक्स्प्रेसमध्ये चढले, ट्रंक दाराशी ठेवली आणि चिकलठाणा गेल्यावर दारात उभे राहिले.

मुकुंदवाडीचा फलाट दिसू लागला. गाडी हळू झाली होती, पण ट्रंक घेऊन उतरता येईल इतकी नाही, ट्रंकेशिवायही नाही. फलाटावर सगळी कॉलनी उभी होती. मधोमध त्यांचाच सलाम ठोकणारा फोटो छापलेला मोठा फ्लेक्स होता. पॅसेंजर येऊन गेली तरी सुभेदार उतरले नव्हते, म्हणून आप्पासाहेब हवालदिल होऊन प्रत्येक हालचालीकडे बघत होते. त्यांना एक्स्प्रेसच्या दारात वर्दी दिसली. त्यांनी हात वर केला. बँड सुरू झाला, समितीनं होती नव्हती ती सगळी फुलं एक्स्प्रेसवर उधळली, आणि त्रिंबकरावांनी तीस वर्षांच्या सवयीनं खाडकन सलाम केला. बँड, फ्लेक्स, दीपमालाबाईंच्या हातातलं ओवाळणीचं तबक आणि पुढच्या ओळीत हार घेऊन उभे असलेले तात्यासाहेब, असं सगळं त्यांच्यासमोरून सरकत मागं गेलं. डब्यातल्या लोकांना वाटलं गाडीत कुणी मोठा माणूस आहे. ते वाकून वाकून पाहू लागले.

मोठ्या स्टेशनावर तिकीट तपासनिसानं त्यांना थांबवलं. तिकीट पॅसेंजरचं, मुकुंदवाडीपर्यंतचं. उतरले एक्स्प्रेसमधून, पुढच्या स्टेशनावर. तो भला माणूस होता. त्यानं आधी सलाम केला आणि मग दंड लावला. छातीवर पदकं लावून दंडाची पावती घेताना आपण खाली बघावं की समोर, हे फौजेत कुठं शिकवलेलं नसतं. त्रिंबकरावांनी समोर बघितलं. समोर सेल्फी घेणारी मुलं होती.

तिथून रिक्षा. रिक्षावाल्यानं ट्रंक उचलली, ती हलकी लागली तेव्हा त्याला दया आली. "सब उदरीच छोड के आए क्या साब, बॉर्डर पे?" असं त्यानं विचारलं, आणि त्रिंबकराव हौ म्हणाले.

मुकुंदवाडीला पोचल्यावर आप्पासाहेब रिक्षापाशी धावत आले आणि त्यांनी पडदा ओढावा तसे दोन्ही हात पसरून सुभेदारांना लोकांपासून झाकलं. रिक्षातून उतरलेला फौजी चालणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सुभेदारांनी बाजूच्या फाटकातून आत जावं, फलाटाच्या टोकापर्यंत चालावं आणि मग समोरून बाहेर यावं. त्रिंबकराव गेले. फलाट मोकळा होता, दोन्ही दिशांना रुळांवर चिटपाखरू नव्हतं, आणि त्या रिकाम्या रुळांवरून, ट्रंक खांद्यावर घेऊन, सुभेदार शेजूळ जम्मूहून आले. बँड वाजला. फुलं संपली होती, म्हणून बायकांनी ओवाळणीतल्या अक्षता टाकल्या.

तात्यासाहेबांनी हार घातला. "आलास अन् गेलास बी," ते म्हणाले. "आमी म्हनलं, पुन्हा बोलावलं का काय." पण त्यांचे डोळे चमकत होते, आणि त्यांची नजर पदकांवरून फिरत होती. बाहीवरच्या डागावर दीपमालाबाईंची नजर गेली. त्यांनी पुढं होऊन ती बाही डाग झाकेल अशी दुमडली. त्रिंबकरावांना वाटलं, की झालं गेलं गंगेला मिळालं. आता पुढं सगळं चांगलं.

जीप नवरीसारखी सजवली होती. बन्सीच्या शेजारी तात्यासाहेब बसले, मागं दांड्याला धरून त्रिंबकराव उभे राहिले, पुढं बँड, बँडपुढं कॉलनीच्या बायका फुगड्या घालत आणि नाचत. लोक गॅलऱ्यांत आले. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर एका म्हाताऱ्यानं तात्यांना नमस्कार केला, आणि तात्यांनी राजासारखा हात वर केला. हाच तो क्षण. याच्यासाठी माणूस जालन्याला जाऊन आला होता.

आणि याच क्षणी त्रिंबकरावांचं लक्ष बन्सीच्या पायाकडे गेलं.

मिरवणूक थांबत थांबत चालली होती, त्यामुळं बन्सी सारखा ब्रेक दाबत होता. आधी एकदा दाबला की जीप थांबायची. मग दोनदा दाबावा लागला. आता तो तीनदा पाय मारत होता. त्रिंबकरावांनी नजर वर केली आणि लोकांकडे बघून हसायचा प्रयत्न केला, पण कान बन्सीच्या पायात अडकले होते. चार. शेवटी ते वाकले आणि बन्सीच्या कानात म्हणाले, की ब्रेक बघ.

"सायब, आख्खा लग्नाचा सीझन काढलाय हिनं," बन्सी मागं न बघता म्हणाला. "मिरवणुकीत बिरेक कशाला लागतोय? पळायलीय का जीप?"

समोर नाल्याकडं जाणारा उतार होता. उतारावर बँड होता, बँडपुढं बायका होत्या, आणि त्यांच्यात तबक डोक्यावर घेऊन दीपमालाबाई नाचत होत्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना रस्त्यात नाचताना त्रिंबकरावांनी प्रथमच पाहिलं. घर तिथून दोन गल्ल्यांवर राहिलं होतं. कदाचित काही झालंही नसतं. पण 'कदाचित' म्हणून गाडी सोडायची सवय त्या माणसाला नव्हती.

"गाडी बंद!"

हा आवाज वर्कशॉपातला होता. बन्सीनं किल्ली फिरवली, बँडवाल्याचा सूर अर्ध्यात तुटला, आणि आप्पासाहेबांच्या हातातलं सरबत सांडलं. त्रिंबकराव खाली उडी मारून चाकांना दगड लावत होते. आप्पासाहेबांनी विनवलं, की सुभेदार, बँडवाल्यांना सहाला लग्न आहे, घर आलंच आहे, जाऊ दे चालतेय तशी. समितीच्या अब्रूचा प्रश्न आहे असंही ते म्हणाले. त्रिंबकरावांनी जीपच्या बाजूला बांधून आणलेला तो मोठा फ्लेक्स सोडला, तो तापलेल्या डांबरावर अंथरला, आणि सलाम ठोकणाऱ्या स्वतःच्या छातीवर पाठ टेकून ते जीपखाली सरकले.

खाली अंधार, उष्णता आणि ऑइलचा वास होता. त्या वासात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ब्रेकचा पाइप जोडापाशी ओला होता. थेंब थेंब गळत होता. त्यांनी हात घातला आणि कोरी करकरीत वर्दी कोपरापर्यंत काळी झाली. तेव्हा त्यांना कळलं, की संपलं. जे तात्यांना दाखवायचं नव्हतं नेमकं तेच भर रस्त्यात, बँड लावून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ब्रेक ऑइल होतं, असं ते आजही सांगतात.

कडेला दोन करकरणाऱ्या वहाणा येऊन थांबल्या. मग गुडघे वाजले, फेटा खाली आला, आणि फेट्याखाली तात्यासाहेबांचा चेहरा दिसला. ते उकिडवे बसले होते.

"काय झालं रं?"

"बिरेकचा पाइप गळायलाय, तात्या. आणखी दोन-चारदा दाबला असता तर नुसता पायच गेला असता खाली."

तात्यासाहेबांनी मान वळवून उताराकडं बघितलं. तिथं त्यांची सून तबक सांभाळत उभी होती. 

"तिकडं बी अशाच गाड्या व्हत्या?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या. ट्रक."

"मानसं बसायची त्येच्यात?"

"व्हय. वीस-बावीस पोरं. अन् रस्ते डोंगरातले. एका अंगाला दरी."

"अन् बिरेक तू बघायचास."

"तेच काम व्हतं, तात्या."

"एखादी गेली का खाली?"

त्रिंबकरावांनी जोड घट्ट धरून ठेवला होता. ते म्हणाले, "आपल्या हाताखालून गेलेली नाय गेली."

तात्यासाहेबांनी बाह्या वर सारल्या. मग त्यांनी काय देऊ म्हणून विचारलं. त्रिंबकराव म्हणाले, लहान पान्हा. तात्यांनी बन्सीच्या डब्यात हात घातला आणि आधी पक्कड दिली, मग स्क्रू ड्रायव्हर दिला, मग बन्सीची तंबाखूची डबी दिली. चौथ्या खेपेला पान्हा मिळाला. तो त्यांनी आधी आपल्या धोतराला पुसला आणि मग आत दिला.

मागं रहदारी तुंबली होती. हॉर्न वाजत होते. एक स्कूटरवाला वाट काढत पुढं आला आणि वैतागून म्हणाला, की मिरवणूक आहे तरी कुणाची, जीपवरच्या पाटीवर तर फौजी लिहिलंय, मग फौजी कुठं दिसत नाही, आणि हा मेकॅनिक अजून किती वेळ घेणार आहे? आप्पासाहेब खुलासा करायला पुढं सरसावले. तात्यासाहेबांनी त्यांना हातानंच मागं सारलं. गुडघ्यावर हात देऊन ते उभे राहिले, आणि जीपखालून बाहेर आलेल्या दोन चकचकीत बुटांकडं त्यांनी काठी केली.

"त्यो काय फौजी," ते म्हणाले. "ड्यूटीवर हाय. त्येची ड्यूटी झाल्याबिगर इथून कुनी हलायचं नाय."